चुंचूआत्याचे हरभरे

ऐका बरं का. मांडी घाला. कान इकडे द्या.

शेताच्या बांधावर एक चिचुंद्री राहायची. एवढीशी! नाक मात्र लांबच लांब. तिचं नाव चुंचू.

चुंचू चालायची तुरुतुरु, तुरुतुरु. वास घ्यायची हुंग हुंग, हुंग हुंग. आणि विचारत सुटायची, "हे काय? ते काय? असं का? तसं का?" तोंड म्हणून मिटायचं नाही!

एके दिवशी दादा-वहिनीला बाळ झालं. गुलाबी गुलाबी बाळ. चुंचू झाली आत्या!

"मी आत्या! मी आत्या! बाळाचं नाव मीच ठेवणार!"

आता बारसं म्हटलं की घुगऱ्या हव्यात. घुगऱ्या म्हणजे उकडलेले गरम गरम हरभरे. घुगऱ्या नाहीत, तर कसलं बारसं? आणि बारसं नाही, तर कसलं नाव? म्हणून चुंचूने दाणा दाणा गोळा केला. हरभऱ्यांचं गाठोडं बांधलं. घरात ठेवलं. दाराला कुलूप लावलं. खट्ट!

इथवर सगळं छान झालं.

मग चुंचूने किल्ली ठेवली दाराजवळच्या दगडाखाली. आणि निघाली बारशाचं बोलावणं करायला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"संध्याकाळी बारशाला या हं! मी घरी नसले तर परत जाऊ नका. किल्ली दगडाखाली आहे. दार उघडा, खुशाल आत बसा!"

बेडकाला सांगितलं. पारव्याला सांगितलं. वाटेत उभं राहून मोठ्ठ्याने सांगितलं. भारी अगत्याची आपली चुंचू! दिवसभर प्रश्न विचारायची, पण एक प्रश्न विचारायचा राहिला. "कोण कोण ऐकतंय?"

झुडपामागे घूस ऐकत होती.

चुंचू घरी आली. बघते तर काय! दार सताड उघडं!

चुंचू थबकली. आत कोणी असेल तर? ती आत धावली नाही. बाहेरूनच कान लावला. काही आवाज नाही. बाहेरूनच नाक लावलं. हुंग हुंग. घुशीचा वास! पण घूस गेली होती. आणि गाठोडंही गेलं होतं.

चुंचूला रडू फुटलं. चुं चुं चुं! आता बाळाला नाव कसं मिळणार?

रडता रडता तिने खाली पाहिलं. "हे काय?" एक हरभरा! "ते काय?" आणखी एक हरभरा! गाठोड्याला होतं भोक. हरभरे पडले होते ओळीने. "कुठे जातात बरं हे?" चुंचू निघाली मागोमाग. हुंग हुंग, तुरुतुरु. हरभरा, हरभरा, हरभरा, आणि आलं घुशीचं बीळ!

आतून आवाज येत होता. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम.

"घुशी, घुशी, माझे हरभरे दे!"

"नाही देत जा! माझं बीळ खोल. माझं बीळ काळं. हिंमत असेल तर ये आत!"

चुंचूने नाक आत घातलं. किती काळोख! किती खोल! आत काय असेल बरं? पाय पुढे पडणार होता. पण चुंचूने नाक बाहेर काढलं.

"एकटीने आत जायचं नाही," ती स्वतःलाच म्हणाली. "कुणाला तरी घेऊन यायचं."

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंचू गेली मुंगसाकडे. मुंगूस उन्हात शेपटी विंचरत बसला होता.

"मुंगूसदादा, मुंगूसदादा, ऐक ना!

घूस हरभरे देईना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळेना!

तू तिच्या बिळापुढे बस ना!"

"बसेन की," मुंगूस म्हणाला. "पण घुशीच्या बिळाला तोंडं दोन. मी पुढे बसलो, तर ती मागून पळेल. मागे कुत्रा बसला, तरच मी पुढे बसेन."

दोन तोंडं? चुंचूला हे माहीतच नव्हतं. ती पळत गेली बघायला. खरंच की!

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंचू गेली कुत्र्याकडे. कुत्र्याचं नाव झिपऱ्या. डोळ्यांवर ही झुलपं!

"झिपऱ्यादादा, झिपऱ्यादादा, ऐक ना!

मुंगूस पुढे बसेना,
घूस हरभरे देईना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळेना!

तू बिळाच्या मागे बस ना!"

"बसेन की," झिपऱ्या म्हणाला. "पण तिथे गवत केवढं वाढलंय! त्यात घूस लपली, तर दिसणार कशी? शेळीने गवत खाल्लं, तरच मी मागे बसेन."

चुंचूने गवताकडे पाहिलं. गवत उंचच उंच. त्यात हत्ती लपला तरी दिसला नसता. हत्ती जाऊ दे, उंट तरी नक्की लपला असता!

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंचू गेली शेळीकडे. शेळी अंगणात उभी होती. गळ्यात दावं, दावं खुंट्याला.

"शेळीताई, शेळीताई, ऐक ना!

कुत्रा मागे बसेना,
मुंगूस पुढे बसेना,
घूस हरभरे देईना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळेना!

तू बांधावरचं गवत खा ना!"

"बें! खाईन की," शेळी म्हणाली. "गवताला मी कधी नाही म्हटलंय? पण हे बघ दावं. माझ्या मालकिणीने, सगुणाकाकूने, दावं सोडलं, तरच मी गवत खाईन."

चुंचूने दावं हुंगलं. "याला सुताचा वास का येतो?" शेळी म्हणाली, "सुताचंच वळलंय ना काकूने! जा, तिलाच सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंचू गेली सगुणाकाकूकडे. काकू अंगणात कुरडया वाळत घालत होती. पांढऱ्या पांढऱ्या कुरडया, बाजेभर.

"काकू, काकू, ऐक ना!

शेळी गवत खाईना,
कुत्रा मागे बसेना,
मुंगूस पुढे बसेना,
घूस हरभरे देईना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळेना!

तू शेळीचं दावं सोड ना!"

"सोडीन की गं बाय," काकू म्हणाली. "पण शेळी सोडली की तिच्यामागं बांधापर्यंत जायला लागतंय. पाठ वळली, की माझ्या कुरडया कोण नेईल, काय सांगावं? टिटवीनं राखण केली, तरच मी दावं सोडीन."

शहाणी हो काकू. आधी मागे कोण बघेल ते ठरवायचं, मग घर सोडायचं.

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंचू गेली टिटवीकडे. टिटवी माळावर उभी होती. एका पायावर!

"टिटवीताई, टिटवीताई, ऐक ना!

काकू दावं सोडेना,
शेळी गवत खाईना,
कुत्रा मागे बसेना,
मुंगूस पुढे बसेना,
घूस हरभरे देईना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळेना!

तू कुरडयांची राखण कर ना!"

"टिटिव टिटिव! करीन की," टिटवी म्हणाली. "माझ्यासारखी राखण कुणी केलीय का? पण माझी अंडी बघ. उघड्या जमिनीवर! त्यांच्याजवळ कुणी बसलं, तरच मी राखण करीन."

चुंचूने अंडी शोधली. दिसेनात. दगड, दगड, दगड, आणि... अरेच्चा! हे दगड नाहीत. हीच अंडी! चार अंडी.

आता कोण बसणार अंड्यांजवळ? चुंचू दमली. ऊन उतरायला लागलं. बारशाची वेळ जवळ आली. नाक खाली करून ती मटकन बसली, आणि रडत रडत म्हणाली,

"टिटवी राखण करेना,
काकू दावं सोडेना,
शेळी गवत खाईना,
कुत्रा मागे बसेना,
मुंगूस पुढे बसेना,
घूस हरभरे देईना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळेना!"

"मी बसू का?" बारीक आवाज आला.

चुंचूने इकडे पाहिलं. चुंचूने तिकडे पाहिलं. दगडाशेजारी होती गोगलगाय.

"तू बसशील?" चुंचूने विचारलं. "तुझी काही अट नाही?"

"कसली अट?" गोगलगाय म्हणाली. "माझं घर माझ्या पाठीवर. मला घाई नाही. एका शिंगावर एक डोळा. दुसऱ्या शिंगावर दुसरा डोळा. एक इकडे बघतो, एक तिकडे बघतो. कुणी आलं, तर मी विचारीन, 'कोण रे? कुठला रे? कशाला आलास रे?' आणि टिटवीला हाक मारीन."

"मग चल ना, पटकन!"

"पटकन नाही जमायचं," गोगलगाय म्हणाली. "पण येते."

सुळूळू... सुळूळू... चार बोटं अंतर होतं हो! चुंचूचा जीव वर-खाली झाला. पण गोगलगाय पोचली. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे.

मग काय! 

गोगलगाय अंड्यांजवळ बसली. 
टिटवी राखण करू लागली. टिटिव टिटिव! 
काकूने दावं सोडलं. 
शेळीने गवत खाल्लं. चरक चरक, चरक चरक! 
बिळाचं मागचं तोंड लख्ख दिसलं. 
कुत्रा मागे बसला. भू! 
मुंगूस पुढे बसला. खिस्स!

आत घूस कुडुम कुडुम करत होती. तिने कान टवकारले. पुढच्या तोंडाशी आली. बघते तर मुंगूस! गर्रकन वळली. मागच्या तोंडाशी आली. बघते तर कुत्रा! पुन्हा पुढे. मुंगूस! पुन्हा मागे. कुत्रा!

"घ्या बाई! घ्या तुमचे हरभरे!" घूस ओरडली, आणि गाठोडं बाहेर आलं. थोडं हलकं झालं होतं. पण घुगऱ्यांपुरते हरभरे होते.

चुंचूने विचारलं, "माझेच का गं नेलेस?"

"मग? तूच तर ओरडून सांगितलंस, किल्ली दगडाखाली आहे म्हणून!"

चुंचूने जीभ चावली. तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

मुंगूस पुढे आला. "किल्ली कुठे ते कळलं, म्हणून चोरी करायची होय? चूक तुझी आहे, घुशी. तिची नाही."

घुशीने मान खाली घातली.

"चल आता चुलीपुढे," झिपऱ्या म्हणाला. "घुगऱ्या शिजेपर्यंत फुंकर घालायची!"

फूऽऽ फूऽऽ! घुशीने फुंकर घातली. डोळ्यांत धूर गेला. नाकात धूर गेला. फूऽऽ, आक् छी! फूऽऽ, आक् छी! हरभरे शिजले. रटरट, रटरट. मीठ पडलं. घमघमाट सुटला! घुगऱ्या घेऊन सगळे दादाच्या घरी निघाले.

"चुंचू," गोगलगायीने विचारलं. टिटवी अंड्यांवर परत बसली होती, म्हणून गोगलगाय बारशाला निघाली होती. "तुझी किल्ली आता कुठे ठेवलीस गं?"

चुंचूने तोंड उघडलं. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. वाटेवर केवढी गर्दी! चुंचूने तोंड मिटलं.

"आहे माझ्यापाशी," ती म्हणाली.

आणि दादाच्या घरी बारसं सुरू झालं. पाळणा हलला. झुलू झुलू. सगळ्यांना घुगऱ्या मिळाल्या. घुशीलाही मिळाल्या, पण सगळ्यांच्या शेवटी. काकूने बाळाला इवलं टोपडं घातलं.

"चला, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "बाळाच्या कानात नाव सांगा!"

चुंचू पाळण्यात वाकली. आत्या वाकली, की बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. मुंगसाने घातला, धप! झिपऱ्याने घातला, धप! शेळीनेही पाय उचलला, पण तिला काकूने मागे ओढलं. बरं केलं!

चुंचू बाळाच्या कानाशी गेली.

"कुर्रर्रर्र..."

बाळाने एक डोळा उघडला. मग दुसरा डोळा उघडला. आत्याकडे बघितलं. पाळण्याच्या दोरीकडे बघितलं. मुंगसाकडे, झिपऱ्याकडे, शेळीच्या दाढीकडे बघितलं. बघतच राहिलं!

"टकमक!" चुंचूआत्या म्हणाली. "माझ्या बाळाचं नाव टकमक!"