चार महालांची एक विहीर

एका राज्यात महाल बांधावे लागत नसत. नकाशा उलगडून मंत्र म्हटला की महाल आपोआप उभा राही. राजा प्रसेनधराचे असे तीन महाल होते. प्रत्येकाची किल्ली वेगळी. ज्याच्या हाती किल्ली, तोच आत. पण तिन्ही तळघरांतून घागर सोडायची ती एकाच अमृताच्या विहिरीत, आणि त्या विहिरीला शाप होता. दोन घागरी एकदम बुडाल्या की दोर धरणारे दगड होत. आधी बोटे, मग हात, मग सारे अंग.

शाल्मलीचा भाऊ देवल पाणक्या असाच दगड झाला. बिचाऱ्याने रिवाजाप्रमाणे दार आतून लावले होते हो! दुसऱ्या महालातल्या पाणक्यानेही आपले लावले होते. विहिरीवर आपण एकटेच, असे समजून दोघेही निर्धास्त. आता एकट्याने काढलेल्या घागरीतले पाणी सूर्य मावळायच्या आत अंगावर पडले, तरच ते उठणार होते.

शाल्मलीने पहिल्या महालाची किल्ली घेतली, दार लावले, दोर सोडला. पलीकडून दुसरी घागर बुडाली. तिने दोर टाकला, तरी उजव्या हाताची बोटे दगड झालीच.

मग तिने तिन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या. आता कोण येतो बघू! पण तेवढ्यात राजाने पाहुण्यांसाठी मंत्र म्हटला, चौथा महाल उभा राहिला आणि त्याच्या तळघरातून घागर खाली आली. तिचा हात कोपरापर्यंत दगड झाला. शाल्मली ढसाढसा रडली.

विहिरीच्या कठड्यावर बसलेला नीळकंठ पक्षी म्हणाला, “महाल उद्या शंभर होतील. विहीर महालांची नाही, नकाशाची आहे. नकाशाच्या पेटीला कुलूप आहे, त्याची किल्ली माग. ती ज्याच्या हाती, त्याचीच घागर बुडते.”

ती धावत राजाकडे गेली. राजा कचरला. “ती किल्ली तुझ्या हाती असेतो माझे सारे महाल बंद पडतील.”

“नाही महाराज. दारे आपापल्या किल्लीने उघडतील. थांबेल ती फक्त दुसरी घागर.”

राजाने दिलेली किल्ली तिने डाव्या हाताने पेटीच्या कुलपात फिरवली. चारही महालांत मृदंग वाजतच राहिले, दारे उघडत-मिटत राहिली. विहिरीवरचे बाकी दोर मात्र अधांतरी थांबले. ऊन कठड्यावरून उतरत होते. एका हाताने, दातांनी दोर धरून तिने घागर ओढली आणि दोन्ही पाणक्यांवर ओतली. त्यांचे ओले हात लागताच तिच्या हाताचाही दगड वितळला.

देवलने डोळे उघडले. “ताई, मी दार लावलं होतं गं.”

“लावलं होतंस रे. विहीर त्या दाराआड नव्हती.”

तेव्हापासून नकाशाची किल्ली कठड्यावर टांगलेली असते. घ्यावी, पाणी काढावे, परत टांगावी. पहिल्या दिवशी त्या किल्लीसाठी सगळ्यांआधी येऊन उभा राहिला तो देवल.