शून्य पूर्णांक सोळा शतांश

"हा आकडा कशातला?"

मणेरीकर सरांनी प्रबंधाचा कागद नाकाशी नेला आणि पुन्हा विचारलं, "सोळा शतांश. कशातले?"

वैजनाथ हसला. पीएच.डी. हातातोंडाशी आलेली, तोरा असणारच.

"इलेक्ट्रॉनची घनता आहे, सर. ॲटॉमिक युनिटमधली. तिथे एकक लिहायची गरजच नसते."

"हो का?"

आता हे सर कोण, ते सांगायला हवं. तरुणपणी त्यांनी एका स्फटिकाबद्दल छातीठोक सांगितलं होतं, की यातले गंधकाचे दोन अणू एकमेकांशी बांधलेले आहेत. भर परिषदेत लोक हसले. नाव गेलं. सावंतवाडीला घरी येऊन बसले, ते बसलेच. आणि आज शिष्य पुरावा घेऊन आला होता! दोन अणूंच्या मधोमध एवढी घनता म्हणजे बंध पक्का.

"प्रोग्रामने उत्तर कशात दिलं?"

"ॲटॉमिक..." वैजनाथने लॅपटॉप उघडला. खाली सरकवलं. वर सरकवलं.



"घन अँगस्ट्रॉममध्ये ना?"

"...हो."

"तो मोठा डबा. ॲटॉमिक युनिटचा डबा लहान. मोठ्यात असे जवळजवळ सात मावतात. मग एका लहान डब्याच्या वाट्याला किती?"

"दोन शतांश," वैजनाथ पुटपुटला. "म्हणजे... बंध नाही, सर. नुसते शेजारी आहेत."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे कुणालाही बघवलं नसतं.

मग त्यांनी पेन काढलं. वैजनाथने झटकन आकड्यावर पंजा ठेवला.

"राहू दे ना, सर! कोण बघतंय? परीक्षक असलं काही तपासत नाहीत. तुम्हाला हसले होते ते... एकदा तरी त्यांची तोंडं बंद होऊ देत!"

सरांनी त्याचं एकेक बोट उचलून बाजूला केलं. आकड्यापुढे सावकाश लिहिलं: प्रति घन अँगस्ट्रॉम.

वैजनाथ ढसाढसा रडला. "मी तुम्हाला खरं ठरवायला आलो होतो, सर..."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"मी चुकलो, असं सगळे सांगतच होते रे. दाखवलंस तू एकट्याने."