सळईची हाक

फार दिवसांपूर्वी एका कँटीनातल्या वाफेच्या भट्टीच्या टाकीत एक सळई राहायची. पाणी संपलं की ओरडायचं, एवढंच तिचं काम. बोअरच्या पाण्याने तिच्या अंगावर क्षारांचं पांढरं पुट चढलं आणि तिला पाण्याचा स्पर्शच कळेना. भरल्या टाकीतही ती "पाणी संपलं!" म्हणून कोकलायची. आपण चुकतोय, हे बिचारीला कळणार कसं?

"खोटारडी मेली!" सोपान आचारी वैतागला. त्याने बाहेर तिच्या दोन वायरी एकमेकींना जोडून तिचं तोंडच बंद केलं; आता भट्टीला टाकी कायम भरलेलीच वाटायची.

एके दिवशी टाकी खरोखरच आटली. सळई जिवाच्या आकांताने ओरडत राहिली, पण तिची हाक बाहेर पोचलीच नाही आणि भट्टी जळून गेली.

दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने सळई नखाने खरवडली. "धडधाकट आहे की! व्हिनेगरने पुसायची होती फक्त."

सोपानने मान वर केली. व्हिनेगरची बाटली भट्टीवरच्या फळीवरच होती.