म्बाहंचा दगड

“म्बाह, तुम्ही या दगडावरून उठणार तरी कधी?”

तीन दिवस दाबून ठेवलेलं अखेर अनघाच्या तोंडून निघूनच गेलं.

म्बाह म्हणजे जावा बेटावरच्या बोलीत आजोबा. हे म्बाह पाइमिन, योग्यकर्त्याच्या सुलतानांच्या जुन्या बागेतले सेवक. पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा, डोक्याला घट्ट रुमाल, पाय अनवाणी. पडक्या भिंतीवरच्या नक्षीतला एक पक्षी ते चुन्याने दुरुस्त करत होते.

“उठतो की. रोज संध्याकाळी उठतो.”

“संध्याकाळी बाग बंद होते!”

“हो ना. म्हणूनच उठतो.”

अनघा खैरनारने कपाळावर हात मारला.

बाई जिओकॅशिंगमधली पट्टीची खेळाडू. खेळ तसा साधा. कुणीतरी एक डबी लपवतं, तिचा ठावठिकाणा फोनवर टाकतं. आपण जाऊन ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. नाव लिहिलं नाही तर शोध धरत नाहीत. आणि एक नियम कडक, डबी काढताना कुणाच्या नजरेला पडायचं नाही.

नऊशे नव्याण्णव डब्या तिने हुडकल्या होत्या. ‘सापडली नाही’ अशी नोंद आजवर एकदाही नाही, आणि त्याचा बाईंना भारी तोरा. हजाराव्या डबीसाठी मुद्दाम ही बाग निवडली, जकार्त्यातल्या नोकरीतून रजा काढून आली. आणि बघावं तेव्हा फोनमधला बाण म्हाताऱ्याच्या बुडाखालच्या दगडाकडे! परतीची गाडी आज चार वाजता होती.

“बस, न्दुक,” म्बाह म्हणाले. न्दुक म्हणजे पोरी.

“बसायला वेळ नाही हो.”

“तीन दिवस उभी आहेस...”

ती खाली जमिनीवर बसली.

म्बाहंच्या हातात बांबूची बारीक कामटी होती. पिसामागून पीस भरत होते. जुना चुना कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं.

“हा पक्षी मुळात कुणी केला?”

“ठाऊक नाही. नाव लिहिलेलं नाही.”

“आणि तुमचं नाव? ते कुठे लिहिता?”

म्बाहंनी कामटी थांबवली. पक्ष्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कुठे लिहू? जागा दाखव.”

अनघाने पक्षी निरखून बघितला. काय हात आहे या माणसाचा, तिला अगदी मनापासून वाटलं. आणि तीन दिवस आपण या हातांवर चरफडत होतो! तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात दूरवर अजान झाली.

“मी नमाजाला जाऊन येतो,” म्बाह म्हणाले. “चुना ओला आहे. कोंबड्या येतात, माणसं तर बोट लावूनच बघतात. माझ्या जागी बसशील?”

बसशील काय? ती जवळजवळ धावलीच.

म्बाह वळणाआड झाले. तिचा हात दगडाखाली गेला. एक भेग... आत गार पत्रा. डबी!

ओढणार, इतक्यात समोर एक गृहस्थ उगवले. पोट सुटलेलं, डोक्यावर लाल टोपी, हातात फोन. त्यांनी फोन बघितला, दगड बघितला, दगडावर बसलेली अनघा बघितली... आणि ते आकाशाकडे बघू लागले. आकाशात औषधालासुद्धा ढग नव्हता.

मग त्यांनी बुटाची नाडी बांधली. मग भिंतीवरचा फलक वाचला. मग परत नाडी.

अनघाला खुदकन हसू आलं आणि ते तिथेच विरलं. नाडी, फलक, आकाश. तीन दिवस हेच तर ती करत होती. अरे देवा, म्हणजे म्बाहंना सगळं दिसत होतं!

तिने हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. त्या माणसादेखत डबी काढावी, तर नियम मोडणार आणि त्याचा शोधही मातीत जाणार. उठावं, तर ओला चुना उघड्यावर पडणार. घड्याळ पुढे पळत होतं.

म्बाह आले ते सावकाश. आधी पक्ष्यापाशी गेले. पिसांवर एक ओरखडा नव्हता. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

“म्बाह, इथे डबी आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“पावसाळ्यात मीच पुसून ठेवतो.”

“मग तीन दिवस बोलला का नाहीत?”

“तू आज बोललीस.”

अनघाने डोळ्यांनीच लाल टोपीकडे खूण केली.

“ते मी उठायची वाट बघताहेत, म्बाह. त्यांच्यादेखत मला नाव लिहिता येत नाही. चारला गाडी आहे. नाही लिहिलं तर ‘सापडली नाही’ अशी नोंद करावी लागेल. जन्मात पहिल्यांदा. सांगा ना, काय करू? उठू का?”

म्बाहंनी त्या माणसाकडे बघितलं. तो आता दुसऱ्या बुटाला लागला होता...

“उठू नकोस, न्दुक,” ते म्हणाले. “जरा सरकून बस. त्यांनाही बसायला बोलाव.”