कपाटातला तेजोमेघ

"पण सर, तुम्हाला दिसतंय तरी का?"

काझीसर लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बसले होते.

"हा बघा घेर. इथून सुरू होतो आणि पार कोपऱ्यापर्यंत फुलत जातो. आता दिसला?"

"दिसला."

"मग बोला ना काहीतरी!"

हे विचारणारा प्रसन्न भडकमकर. साताऱ्यात हाडांचा डॉक्टर. दुर्बिणीला कॅमेरा लावून अंधुक तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांचे, फोटो काढायचं वेड लागलं म्हणून सरांकडे शिकायला आला, आणि अर्धंमुर्धं शिकून सुटला. आपल्याला सगळं येतं असं त्याला फार लवकर वाटायला लागलं होतं. मला तर त्याच्या ऐटीचा वीट आला होता.

सर कॉलेजातून निवृत्त होऊन पठारावर पत्र्याच्या खोलीत राहतात. मी त्यांचा जुना विद्यार्थी, चहा करायला हक्काचा माणूस. एरवी मी प्रसन्नला दोन टोमणे मारले असते. त्या दुपारी तोंड मिटून बसलो. गेल्या पावसाळ्यात त्याची सात वर्षांची पोर गेली होती. ओवी. साधा ताप म्हणता म्हणता गेली.

"कर्क राशीच्या कडेला आहे," प्रसन्न सांगत होता. "नकाशात तिथं काही नाही. आजवर कुणी पाहिलेलाच नाही हा तेजोमेघ. मी फोटो मुग्धाला दाखवला, तर ती म्हणाली, हा तर ओवीचा लाल फ्रॉक."

मुग्धा म्हणजे त्याची बायको.

"सर, ओवी गेल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मी डॉक्टर, आणि घरचा ताप मला कळला नाही... त्या दिवशी बोलली. जेवलीसुद्धा."

त्याने लॅपटॉप सरांकडे आणखी सरकवला.

"उद्या ओवीचा वाढदिवस. तिच्या शाळेच्या हॉलमध्ये हा फोटो लावायचा आणि नाव जाहीर करायचं. ओवी तेजोमेघ. पडदा तुम्ही बाजूला करायचा. याल ना?"

"आणखी कुणाला दाखवलास?" सरांनी विचारलं.

"छे! दुसऱ्या कुणी आधी जाहीर केला म्हणजे?"

"तारा डोक्यावरून पलीकडे गेला की दुर्बीण उलटी फिरवतोस ना?"

"फिरवावीच लागते. नाहीतर खांबाला आपटेल."

"म्हणजे कॅमेराही उलटा होतो. खालची बाजू वर."

"हो."

"त्यानंतरचे फोटो कुठायत?"

"ते टाकून दिले. खराब यायचे."

"खराब म्हणजे?"

"म्हणजे... त्यात ती तिथं दिसायची नाही."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कॅमेरा कुठाय?"

"गाडीत."

"घेऊन ये."

प्रसन्नने कॅमेरा आणला. सरांनी त्याच्या तोंडावर झाकण बसवलं आणि घट्ट पिळलं. वरून काळं फडकं गुंडाळलं. मग आपलं लोखंडी कपाट उघडलं, कॅमेरा शर्टांच्या चळतीशेजारी ठेवला, वायर फटीतून बाहेर काढली आणि दार लावून किल्ली फिरवली.

बाहेर टळटळीत ऊन होतं.

"हं, आता फोटो काढ."

"कसले?"

"ओवीचे."

मी ताडकन उभा राहिलो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय! मेलेल्या पोरीवरून बापाची थट्टा करतात?

प्रसन्नचा चेहरा लालबुंद झाला. "सर, मर्यादा असते!"

"असते. कॅमेरा तेवढाच गार कर, फोटोला तेवढाच वेळ दे. रात्री जे जे करतोस ते सगळं कर."

"हे अंधाराचे फोटो मला शिकवू नका. झाकण लावून फोटो काढायचे आणि खऱ्या फोटोतून ते वजा करायचे, माहितीय मला. माझ्या कॅमेऱ्याला ते लागत नाही. नवा आहे. विकणाऱ्यानंच सांगितलंय."

"मग एक दुपार फुकट गेली म्हणायचं. जाऊ दे."

प्रसन्न दात-ओठ खात बसला. पण बसला.

कपाटात कॅमेरा एकामागून एक फोटो घेत राहिला. मी चहा केला, कुणी प्यायला नाही. पुन्हा गरम केला, तेव्हा फक्त सरांनी घेतला. उन्हं उतरायला लागल्यावर लॅपटॉपने टिणटिण केलं.

"आता जोड सगळे," सर म्हणाले.

"जोडू कसे? तारे जुळवून जोडतात. इथं तारेच नाहीत." प्रसन्न हसला. खवचट हसला.

"ती पायरी सोड. बाकीची एकही सोडू नकोस."

फोटो एकावर एक चढले. पडदा काळाकुट्ट. प्रसन्नने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

"उजेड ताण. अंधुक असेल ते उजळू दे."

त्याने थोडा ताणला. काळंच.

"रोज एवढाच ताणतोस?"

प्रसन्नने आणखी ताणला. मग आणखी.

उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी तांबूस झालं.

"आणखी."

तांबूस धुकं वर सरकलं आणि पसरलं. घेर फुलला. चुण्या दिसायला लागल्या.

लाल फ्रॉक.

तोच घेर, तोच कोपरा, तीच डावीकडची दुमड. कुलूपबंद कपाटात, भर दुपारी!

प्रसन्न खुर्ची पाडत उठला. कपाटाशी गेला, किल्ली फिरवून दार उघडलं. आत हात घालून त्याने शर्ट बाजूला केले. खरंच केले, एकेक करून. मला बघवेना. मग त्याने फडकं सोडलं आणि झाकणावर बोटं फिरवली. झाकण घट्ट होतं.

"हे कसं शक्य आहे..."

सांगण्यासारखं काही नव्हतंच. फोटोला फार वेळ दिला की कॅमेऱ्याचे आतले भाग तापतात आणि त्याच्या एका कोपऱ्यात त्याचाच उजेड उमटतो. म्हणून तर अंधाराचे फोटो काढायचे. हे सरांकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. प्रसन्नलाही शिकवलं होतं. कॅमेरा उलटा झाला की फ्रॉक जागेवरून नाहीसा व्हायचा, तोही त्यामुळेच.

तो कॅमेरा छातीशी धरून मटकन खाली बसला. इतका हुशार माणूस, रोज चार हाडं सांधणारा, आणि झाकण पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.

"कुणाला कळणार नाही," तो म्हणाला. "सर, शाळेतल्या लोकांना काय कळतंय यातलं? उद्याचा दिवस जाऊ द्या. नंतर मी गुपचूप काढून टाकीन... कुणी विचारणारसुद्धा नाही."

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"मुग्धा जेवायला लागलीय हो सर."

हे त्याने म्हटलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची बाजू घ्यावीशी वाटली. म्हणावंसं वाटलं, सर, राहू द्या ना, आभाळ एवढं मोठं आहे, एका पोरीच्या फ्रॉकाने कुणाचं काय बिघडतंय?

सरांनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. हातानं पुसली.

"बस."

प्रसन्न बसला.

"वजा कर."

"सर, नको."

"प्रसन्न..."

"ती जाईल, सर!"

सर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना कधी कुणाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"वजा कर, बाळा."

प्रसन्नने बटण दाबलं.

लॅपटॉप बराच वेळ घुरघुरत राहिला. मग रात्रीचा फोटो पुन्हा पडद्यावर आला. प्रसन्नने उजेड ताणला. पूर्वीइतकाच, आणि मग त्याहून जास्त. कोपऱ्यात घेर नव्हता. चुण्या नव्हत्या. काळं आभाळ होतं, आणि त्यात बारीक बारीक तारे. लाल धुक्याखाली झाकले गेलेले ते तारे त्याआधी आम्ही कुणीच पाहिले नव्हते.

प्रसन्न रडायला लागला. आवाज न करता नाही, मोठ्यानं, गळा काढून. ओवी गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी तिथं होतो, मला माहितीय.

"काही नाही सर इथं," तो म्हणाला. "बघा ना. काहीच नाही. मी तिला काय दाखवू?"

सर वाकले. त्या कोपऱ्यातल्या बारीक ताऱ्यांकडे पाहत राहिले.

"उद्या मी येतो," ते म्हणाले. "हाच लाव."