चार खाचांची मूठ

एका गावात लाकूड कातून वस्तू घडवणारे दोन कातारी होते आणि त्यातल्या एकाला वाटे, एकच पुरे. त्याचं नाव धाकू. समोरच्या दुकानात बसणारा सगुण त्याच्यापेक्षा वयाने लहान आणि नावाने मोठा झाला होता. लोक सगुणाचा पोळपाट वाखाणू लागले की धाकूला जेवण गोड लागत नसे.

त्या वर्षी गावात एक नाटक मंडळी उतरली. मंडळींकडे रोमन शिपायाच्या तलवारीची हुबेहूब नक्कल होती, आखूड आणि रुंद पात्याची. तिची लाकडी मूठ उभी चिरली होती. सेनापतीचं काम करणारे भार्गवराव स्वतः तलवार घेऊन धाकूच्या दुकानात आले. त्यांनी जुन्या मुठीच्या मापाचा कागद दिला.

"सगुणालाही सांगणार आहे," ते म्हणाले. "जी मूठ हाताला बसेल ती पात्यावर राहील. मंडळींचं पुढचं सगळं लाकूडकामही ती करणाऱ्यालाच."

सगुणाचं नाव निघताच धाकूची मान समोरच्या दुकानाकडे वळली. भार्गवरावांनी हात पुढे करून तलवार कशी धरतात ते दाखवलं, पण धाकूने काही ऐकलं नाही, पाहिलंही नाही.

सगुणाने फणसाचं लाकूड घेतलं, म्हणून धाकूने शिसव घेतलं. सगुणाने मूठ साधी ठेवली, म्हणून धाकूने तिच्यावर वेल कोरली. सरस मागायच्या निमित्ताने तो रोज समोर जाई आणि डोळ्यांनी माप घेऊन येई. एके दिवशी त्याला दिसलं की सगुणाच्या मुठीवर बोटांसाठी तीनच खाचा आहेत. कागदावर तर स्वच्छ चार होत्या.

धाकूला इतका आनंद झाला की तो सरस तिथेच विसरला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला कळलं. "आपल्या सगुणाला चारापर्यंत मोजता येत नाही हो," धाकू ज्याला त्याला सांगत होता. कोणी तरी ते सगुणाच्या कानावर घातलं. सगुण नुसता हसला आणि रंधा मारत राहिला. त्या हसण्याने धाकू आणखीच जळला. त्याने आपल्या मुठीवर लाखेचा अजून एक हात दिला.

ठरल्या दिवशी मंडपात लोक जमले. पहिली धाकूची मूठ पात्यावर चढली. काळीभोर, चकचकीत, जुन्या मुठीसारखीच चार खाचांची. लोकांनी माना डोलावल्या. भार्गवरावांनी तलवार उचलली, वार करण्यासाठी हात फिरवला, आणि पातं त्यांच्या हातातच आडवं फिरलं. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा तेच. शेवटची खाच रिकामी राहत होती आणि बाकीची बोटं खाचांच्या कडांवर चढत होती.

मग सगुणाची मूठ चढली. भार्गवरावांनी पहिला वार केला, दुसरा केला, तलवार गरकन फिरवून थांबवली. पातं जागचं हललं नाही.

"तीन खाचांची तलवार कुठे असते का?" धाकूला राहवलं नाही. "जुनीला चार होत्या."

"म्हणूनच ती मला कधी नीट धरता आली नाही." भार्गवरावांनी उजवा पंजा उघडून समोर धरला. करंगळी मुळापासून नव्हती. लहानपणी उसाच्या चरकात गेली होती.

धाकूने विचारलं, "हे सगुणाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, धाकूदादा," सगुण म्हणाला. "त्यांनी तलवार धरून दाखवली ना, तेव्हा दिसलं."

"तुम्हालाही दाखवली होती," भार्गवराव म्हणाले. "आधी तुम्हालाच."

धाकूने मान खाली घातली. पण क्षणभरच. लगेच त्याचे डोळे सगुणाच्या मुठीकडे वळले आणि तो म्हणाला, "बघू, याने कडा कशा घासल्यात त्या."

भार्गवरावांनी तलवार म्यानात घातली. "मेस्त्री, माझा हात अजून इथेच आहे. तुम्ही पुन्हा त्याच्याचकडे बघताय."

तात्पर्य: ज्याची नजर दुसऱ्याच्या कामावर खिळलेली असते, त्याला आपण काम कोणासाठी करतो आहोत तेच दिसत नाही; मत्सर कसबी हातालाही आंधळं करतो.