आभारी की आजारी

स्पेनमधल्या समुद्राकाठच्या एका गावात एकदा एक मराठी आजी जाऊन राहिली. नाव विभावरी, मूळची देवगडची. ती आली होती सुनेच्या बाळंतपणासाठी. पण पुढेही नातीला सांभाळायला तिनं तिथंच राहावं, अशी मुलाची फार इच्छा होती. म्हणून साठाव्या वर्षी ती स्पॅनिश शिकू लागली. शिकवणाऱ्या होत्या ऐंशीच्या घरातल्या एक निवृत्त शिक्षिका. गावात सगळे त्यांना आदरानं 'मायेस्त्रा', म्हणजे बाई, म्हणत.

एके दिवशी बाजारात विभावरीनं मासेवालीला विचारलं, "ताजं पाप आहे का? एक किलो द्या."

तिथल्या भाषेत मासळी म्हणजे 'पेस्कादो' आणि पाप म्हणजे 'पेकादो'. मासेवाली पोट धरून हसली. "पाप पुष्कळ आहे हो माझ्याकडे, पण ते विकायला नाही!" रांगेतली माणसंही हसली.

घरी आल्यावर मुलानं अर्थ सांगितला, तेव्हा विभावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिचं तोंड मिटलं. वर्गात ती नुसती मान हलवी. शेवटी मुलाला म्हणाली, "बारसं झालं की माझं परतीचं तिकीट काढ."

बारशाला विहीणबाई आणि तिथली ओळखीची मराठी मंडळी जमली, मायेस्त्राही आल्या. त्यांना मराठीत बोलायचं होतं, म्हणून सकाळीच विभावरीनं त्यांच्याकडून 'मी तुमची आभारी आहे' हे वाक्य दहादा घोटून घेतलं होतं. एकदाही त्या चुकल्या नव्हत्या. जेवणाच्या वेळी त्या उभ्या राहिल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी तुमची आजारी आहे!"

एकच हशा पिकला. विभावरीनं शरमेनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा विहीणबाई मायेस्त्रांना हाताला धरून खुर्चीत बसवत होत्या, कुणी पाणी आणलं होतं, आणि एक काकू त्यांच्यापुढे वाकून शिकवत होत्या, "आ-भा-री."

पाहुणे गेल्यावर विभावरीनं विचारलं, "सकाळी तर बरोबर म्हणत होतात. मग असं कसं झालं?"

"मुद्दाम केलं. तुझ्या सुनेनं मासेवालीची गोष्ट सांगितली, तेव्हाच चुकीचा शब्दही तिला विचारून ठेवला होता," मायेस्त्रा सोप्या शब्दांत, सावकाश बोलू लागल्या. "बरोबर बोलले असते, तर टाळ्या वाजवून सगळे आपापल्या ताटाकडे वळले असते. चुकले म्हणून कुणी हात धरला, कुणी पाणी दिलं, कुणी स्वतःचा शब्द माझ्या तोंडात घातला. परक्या भाषेत माणसं अशीच जवळ येतात, विभावरी. आता सांग, ती मासेवाली हसली. हसून झाल्यावर तिनं काय केलं?"

विभावरी हळूच म्हणाली, "खरा शब्द तीनदा म्हणून दाखवला. आणि पिशवीत मूठभर कोळंबी जास्तीची घातली." हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते आत्ताच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी नातीला कुशीत घेऊन ती बाजारात गेली. महिन्याभरापूर्वीच्या त्या शब्दासाठी आणि कोळंबीसाठी, मोडक्यातोडक्या वाक्यात, तिनं मासेवालीचे आभार मानले. मासेवालीनं ओले हात पदरासारख्या एप्रनला पुसले आणि बाळाचं नाव विचारलं. दोघी किती तरी वेळ बोलत उभ्या होत्या. तिकिटाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आपल्या चुकीला कोण हसलं, हे आपण जन्मभर विसरत नाही. हसून झाल्यावर शब्द कुणी दिला, तेही एकदा आठवून पाहावं.